खडी फाटली त्या आठवड्याचं पाणी

आप्पा, परवा मी माझ्या विद्यार्थिनीला अगदी तुमच्या मिलमधल्या कलर मास्टरसारखी बोलले. तो हिंदीत बोलायचा, मी मराठी-गुजरातीची खिचडी करून बोलते, एवढाच फरक. बाकी सूर तोच, कमरेवर हात तसाच, आणि समोरचीने मान खाली घातली तीही तुमच्यासारखीच. मी तोंडाळ आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण त्या दिवसापासून तुम्ही डोक्यातून जायलाच तयार नाही. भाजी निवडताना तुम्ही, रिक्षात बसले की तुम्ही. शेवटी आज रविवार, जेवणं आटोपली, पोरगा मित्राकडे गेलाय, यांनी सोफ्यावर पाय पसरलेत, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, ते मात्र विचारू नका.

आधी मी हल्ली काय करते ते सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी दोन ट्युशन क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत होते आणि तुम्ही सगळ्या डिंडोलीला सांगत होतात की पोरगी प्रोफेसर आहे. आता खरंच झाले आहे. कॉलेजात माझी एक छोटी लॅब आहे, दोन खिडक्या, तीन टेबलं, आणि तिथे आम्ही एका पांढऱ्या पावडरीवर काम करतो. हो, तीच. तुमच्या साड्यांवरच्या खडीतली. फक्त आमची इतकी बारीक असते की पाण्यात चिमूटभर टाकली तर पाणी जरासं दुधाळ दिसतं, बस. कण म्हणून काही दिसत नाही, हाताला लागत नाही. ही पावडर आता रंगात असते, तोंडाला लावायच्या क्रीममध्ये असते, आणि धुतली की गटारातून तापीत जाते. तिथून पुढे ती तशीच तरंगत हजीऱ्याला समुद्रापर्यंत जाते, की वाटेत गोळा होऊन तळाशी बसते, एवढंच आम्हाला बघायचंय. ऐकायला किती साधं! पण पावडर एकच आणि पाणी बदललं की तिचं वागणं बदलतं. चांगल्या पाण्यात प्रत्येक कणावर एकसारखा विजेचा भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, आपलं अंतर राखून असतात. पाण्यात मीठ वाढलं की हा धाक कमी होतो आणि कण चिकटायला लागतात. आणि कॅल्शियम असेल, म्हणजे आपल्या बोअरच्या पाण्याने तपेलीला जो पांढरा थर धरतो त्यातलं, तर मग विचारूच नका. मूठभर मिठाने जे होत नाही ते चिमूटभर कॅल्शियम करून दाखवतं. दहा मिनिटांत गुठळ्या. आम्ही लेझरचा उजेड सोडून कण किती मोठे झाले ते मोजतो, कॉम्प्युटरवर रेघ वर चढत जाते. तुम्ही हे सगळं बोट बुडवून करत होतात.

मिलमध्येही किचन असतं हे शाळेत मी सांगायचे तेव्हा पोरी हसायच्या. कलर किचन. मला तुम्ही एकदाच आत नेलं होतं, मिलच्या पूजेच्या दिवशी, मशीन बंद असताना. ओळीने ड्रम, प्रत्येकावर लाकडी झाकण, जमिनीवर इतक्या रंगांचे थर की खालची फरशी कुठल्या रंगाची होती ते कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही एका ड्रममध्ये काठी बुडवून उंच धरली आणि म्हणालात, धार बघ. पांढरी शुभ्र धार, न तुटता खाली उतरणारी. गडद साडीवर उठून दिसणारी ती पांढरी छपाई, खडी, ती तुमच्या हातची असली की मशीनवाले निर्धास्त असायचे. गम, बाइंडर, पावडर आणि पाणी, चारच वस्तू. पण पावडर कधी टाकायची, किती वेळ घोटायची, हे तुम्ही कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तेच तुम्ही रविवारी घरच्या किचनमध्येही करायचे. आईला सुट्टी आणि पिठलं तुमच्या हातचं. एकदा मला भूक लागली होती म्हणून मी बेसनात एकदम तांब्याभर पाणी ओतलं, तर केवढे ओरडलात! "घाई कोनले शे? आधी थोडं पानी, मंग बाकीनं!" मी फुगून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तुम्ही आत त्या गुठळ्या एकेक करून बोटांनी मोडत होतात आणि आईला सांगत होतात की पोरगी हुशार आहे पण हातात दम नाही. मला सगळं ऐकू येत होतं. ते पिठलं मी दोनदा मागून खाल्लं, हेही लिहून ठेवते.

बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलेजने पांढरा एप्रन आणायला सांगितला होता. तुम्ही मिलमधून खराब निघालेल्या कापडाचा तुकडा आणलात आणि आपल्या गल्लीतल्या टेलरकडून शिवून घेतलात. कापड छापील होतं, गुलाबी वेलबुट्टीचं, म्हणून टेलरला बजावलंत की उलटी बाजू बाहेर घे. बाहेरून पांढरा, आतून बाग. पण मी घामाघूम झाले की गुलाबी फुलं पाठीवर उमटायची आणि प्रॅक्टिकलला मागच्या पोरी खुसूखुसू हसायच्या. मला तेव्हा लाज वाटायची, आता सांगायला हरकत नाही. तीन वर्षं तोच वापरला मात्र.

त्यातल्या तिसऱ्या वर्षी तो आठवडा आला. सोमवारी संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते थेट मोरीत गेलात आणि कितीतरी वेळ हात धूत राहिलात. आईने विचारलं, "काय व्हयनं?" तुम्ही म्हणालात, खडी फाटली. दूध फाटतं तशी. घोटताना बरी वाटली, मशीनवर गेली आणि अर्ध्या तासात दाणे पडले, स्क्रीनची जाळी चोक झाली, नेव्ही ब्लू साड्यांचा सगळा लॉट ठिपक्याठिपक्यांचा निघाला. मंगळवारी तुम्ही स्वतः उभे राहून नवीन ड्रम केलात, तोही फाटला. बुधवारी मास्टरने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, गलती किसकी है, साफ बोलो." तुम्ही म्हणालात, साहेब, पाणी बदललंय. तो म्हणाला, पाणी तेच आहे, पाइप तोच आहे, तुमचा हात बदललाय. आता वय झालं.

तुम्ही गप्प बसणारे नव्हतात. त्या दिवशी सरबताच्या बाटलीत ते पाणी भरून आणलंत आणि माझ्या पुढ्यात ठेवलंत. "पोरी, हाई पानी आपलं नही शे. जीभवर जड लागस. तू कॉलेजमा तपास." मी हसले. मला अजून तो हसण्याचा आवाज आठवतो, वीस-एकवीस वर्षांच्या शहाण्या पोरीचा. म्हणाले, आप्पा, जीभ म्हणजे काय मीटर आहे का? पण बाटली घेऊन गेले. प्रयोगशाळेत उलटा एप्रन घालून, मोठ्या ऐटीत, त्यात पीएचची पट्टी बुडवली. रंग मिळवून पाहिला. सात. ना आम्ल, ना अल्कली. अगदी मधोमध. संपलं. दुसरं काही तपासायचं असतं हे मला सुचलंही नाही, कोणाला विचारावं असंही वाटलं नाही. पाणी दिसायला स्वच्छ होतं, पट्टीवर सात होते, आणखी काय हवं? संध्याकाळी घरी येऊन मी जाहीर केलं, पाणी एकदम नॉर्मल आहे. वर अक्कलही शिकवली: तुम्ही पावडर नीट भिजवली नसेल, घाई झाली असेल. तुम्हाला, आप्पा! ज्याने मला पिठल्यावरून ओट्यावर बसवलं होतं त्या माणसाला!

तुम्ही वाद घालाल असं मला वाटलं होतं. माझ्याशी तुम्ही वीज बिलावरूनही वाद घालायचे. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू शिकेल शे. तू सांगशी ते खरं." दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जाऊन मास्टरला सांगितलंत की चूक माझीच, माझ्या मुलीने पाणी कॉलेजात तपासलंय, पाण्यात दोष नाही. इतकी वर्षं ड्रमावर उभा राहिलेला माणूस आपल्या जिभेवरचा विश्वास सोडून पोरीच्या कागदाच्या पट्टीवर विश्वास ठेवून आला. शनिवारी तुमची बदली फोल्डिंग खात्यात झाली. कलर किचनचं दार तुम्हाला पुन्हा उघडलं नाही.

यात रडण्यासारखं काही नव्हतं, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर फोल्डिंगने तुम्हाला बाधलं नाही. बसून काम, पंखा डोक्यावर, शेजारी आपल्या अमळनेरकडचे दोघं जण, दिवसभर अहिराणीत टवाळी. साडीची घडी घालताना तुम्ही पदरावर बोट फिरवायचे आणि कुठल्या ड्रमची खडी कशी घोटली गेलीय ते सांगायचे. हळूहळू नवे कलरवाले स्वतःच तुकडा घेऊन तुमच्याकडे यायला लागले. नखांतला निळा रंग दोन महिन्यांनी गेला तेव्हा आई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा या माणसाचे गोरे हात बघतेय, आणि लाजून आत पळाली. तुम्ही वजनाने वाढलात. दिवाळीत मला रांगोळीचा पांढरा रंग कसा चाळायचा ते शिकवलंत. तक्रार केली नाहीत. पण ड्युटी बदलताना तुम्ही लांबच्या जिन्याने वर जायचे, कारण जवळचा जिना कलर किचनसमोरून जायचा. हे मला तुमच्या त्या अमळनेरच्या दोस्ताने सांगितलं.

आणि तुमच्या दहाव्याला मिलमधला पंप चालवणारा माणूस आला होता. म्हातारा झाला होता, काठी घेऊन. तापीच्या काठावर सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हिंदीत म्हणाला की त्या आठवड्यात कालवा बंद होता, टाकी कमी पडत होती, तेव्हा त्याने बोअरची लाइन जोडली होती. वरून सांगितलं होतं की बोलायचं नाही. "तुम्हारे बाप की जबान सच्ची थी." मी त्याला पाणी दिलं, नमस्कार केला आणि घरी आले. बोअरचं पाणी, म्हणजे कॅल्शियम. ते गमचे हात बांधून टाकतं, मग गम कणांना अलग ठेवू शकत नाही, आणि तुम्ही किती का घोटेनात, खडी फाटणारच. पीएच सात असला तरी फाटणार.

आता परवाचं. माझी ही विद्यार्थिनी कामरेजची, तिशीतली, एका मुलीची आई, शाळेतली नोकरी सोडून पीएच.डी. करायला आलेली. रोज बसने येते, डब्यात थेपले आणते, माझा डबा संपवते. तीन आठवडे तिचे आकडे सुंदर येत होते आणि अचानक सगळं बिघडलं. तीच पावडर, तेच मीठ, तोच पीएच, आणि कण दहापट मोठे. मला अहवाल पाठवायचा होता, मी भडकले. नीट हलवलं नसशील, घाई केली असशील, घरचं डोक्यात असेल. तिने मान खाली घातली, पण मग हळूच म्हणाली, "मॅडम, में बराबर ज हलाव्युं छे. पाणी बदलाई गयुं छे." आमचं शुद्ध पाण्याचं मशीन बिघडलं होतं म्हणून तिने बाजारातून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला होता.

माझ्या तोंडून "पीएच बघितलास का, सात आहे ना?" हे निघालंच होतं. अर्धं निघालंही. मग मी तोंड आवरलं. म्हटलं, आण तो कॅन. मी झाकणात थोडं घेतलं आणि तिच्यादेखत जिभेवर ठेवलं. लॅबमध्ये काहीही तोंडात घालायचं नाही असा बोर्ड मीच लावलाय, त्याच्या खाली उभं राहून. ती किंचाळलीच, "अरे मॅडम!" जड होतं आप्पा. जिभेच्या मधोमध, तुम्ही म्हणायचे तसं. मग रीतसर कॅल्शियम तपासलं, आणि निघालं. डिस्टिल्ड कसलं, कुठल्यातरी बोअरचं भरून झाकण लावलेलं. मी तिची माफी मागितली. तिने लगेच माफ केलं आणि माझा डबा उघडला. आता आम्ही तो कॅन फेकलेला नाही, त्याच पाण्यावर वेगळे प्रयोग चाललेत, आणि तिच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण त्यावर होणार आहे. ती खूश आहे, मी तर विचारूच नका. घरी जाताना दोघींनी कोपऱ्यावर लोचो खाल्ला.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. यांनी चहा ठेवला, तो प्यायले, आणि वाटलं की पत्र झालं. पण झालेलं नाही. कारण वाचणाऱ्याला वाटेल की मला माझी चूक तुमच्या दहाव्याला कळली, तापीच्या काठावर, तुम्ही गेल्यावर. तुम्हीही तसंच समजाल.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पाण्याच्या जडपणाचं प्रॅक्टिकल होतं. सरांनी फळ्यावर लिहिलं की पीएचवरून पाण्याचा जडपणा कळत नाही, त्याची तपासणी वेगळी. मला ती सरबताची बाटली आठवली. तुम्ही तेव्हा फोल्डिंगमध्ये होतात, धडधाकट, घरीच होतात. माझी तपासणी कवडीमोलाची होती, आणि तुमची चूक होती असं म्हणायला काहीही आधार नव्हता. तुम्हाला सांगायचंच असं ठरवून मी कॉलेजातून निघाले, वाटेत वाक्यंही जुळवली. गल्लीत शिरले तर तुम्ही शेजारच्या काकांना सांगत होतात, माझी पोरगी नुसतं पाणी बघून सांगते त्यात काय आहे ते, मिलच्या साहेबांनासुद्धा मानावं लागलं. मला बघून तुम्ही हाक मारलीत, ये, सांग यांना. आणि मी सांगितलं. काकांच्या दारातल्या माठात डोकावून, हसून, म्हटलं, चांगलं आहे पाणी.

त्यानंतर तुम्ही सात वर्षं जगलात. आपण रोज एकत्र जेवलो. मी मनाला समजावत राहिले की आप्पांचा आनंद कशाला हिरावून घ्यायचा, मुलीचं कौतुक आहे त्यांना, राहू दे. आज तुम्हाला खोटं लिहायचं नाही. तुमचा आनंद वगैरे काही नाही, आप्पा. तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे ना, ती नजर मला सोडवत नव्हती.